बोर्ड का वितळला? सिरीज, पॅरलल आणि रोधाचा हिशोब

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

फोन चार्जिंगला लावून ऐकताय का? मग तुमच्या एक्स्टेन्शन बोर्डला आत्ता काय काय जोडलंय, ते एकदा मोजा. आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आधी किस्सा सांगतो. पुण्यात आम्ही तिघं एका रूमवर राहायचो. जानेवारीतली सकाळ. एकाने बादलीत पाणी तापवायचा रॉड टाकला होता, १५०० वॅटचा. त्याचा प्लग जाड पिनांचा, म्हणून कन्व्हर्टर लावून तो एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेला. त्याच बोर्डावर माझी इस्त्री, १००० वॅटची. इंटरव्ह्यूला जायचं होतं, शर्ट कडक पाहिजे! पाच-सात मिनिटांत जळका वास आला. बघतो तर बोर्डाचं एक सॉकेट काळं पडून मऊ झालेलं. घाईघाईत भिंतीवरचं बटण बंद केलं. पण एमसीबी मात्र पडलाच नव्हता.

तेव्हा वाटलं, बोर्डच स्वस्तातला. पण खरं उत्तर शाळेत पाठ केलेल्या दोन सूत्रांत होतं. पाठ होती, कळली नव्हती.

चला, दोन मिनिटं शाळेत. रोध म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, आपण मोजतो ओहममध्ये. नियम जॉर्ज ओहमचा, १८२७ सालचा: व्होल्टेज भागिले रोध बरोबर करंट.

आता गर्दीच्या वेळी लोकल स्टेशनात येते ते आठवा. प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडायला आधी एक अरुंद जिना आणि त्याच्याच पुढे अरुंद पूल. दोन्ही पार केल्याशिवाय सुटका नाही. अडथळे एकापुढे एक. ही झाली सिरीज, पुस्तकातली एकसर जोडणी. इथे रोधांची सरळ बेरीज होते. ६ ओहमचे तीन रोध एकसर जोडले, तर एकूण १८ ओहम.

आता समजा एका जिन्याच्या शेजारी तसाच दुसरा जिना बांधला. जिने वाढले, पण गर्दी अडली की सुटली? सुटली! ही पॅरलल, म्हणजे समांतर जोडणी. वाटा वाढल्या की एकूण रोध कमी होतो. इथे प्रत्येक वाटेला व्होल्टेज तेवढंच मिळतं आणि करंटची बेरीज होते. करंट रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून बेरीज रोधांची नाही, त्यांच्या व्यस्तांची करायची. तेच तीन ६ ओहमचे रोध समांतर जोडले, तर एक षष्ठांश अधिक एक षष्ठांश अधिक एक षष्ठांश, म्हणजे एक द्वितीयांश.

इथेच परीक्षेत मार्क जातात. बरेच जण उत्तर अर्धा ओहम लिहून मोकळे होतात. अरे थांबा, अजून उलटं करायचंय! उत्तर २ ओहम. ताळा सोपा आहे: समांतर जोडणीचं उत्तर त्यातल्या सगळ्यात लहान रोधापेक्षाही लहान आलंच पाहिजे. नाही आलं, तर कुठेतरी चुकलंय. आणि दोनच रोध असतील तर शॉर्टकट आहे: गुणाकार भागिले बेरीज. पण दोनच असतील तर हं. तीन रोधांना हा शॉर्टकट तसाच लावलात की गेलात.

आता परत रूमवर येऊ. घरातली सगळी उपकरणं समांतर असतात, म्हणून तर पंखा बंद केला तरी ट्यूब चालू राहते. व्होल्टेज २३० धरू. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट केलं की रोध मिळतो. रॉडचा आला साधारण ३५.३ ओहम, इस्त्रीचा ५२.९. आता शॉर्टकट वापरू:

३५.३ × ५२.९ ÷ (३५.३ + ५२.९) = साधारण २१.२ ओहम

ताळा बघा, ३५.३ पेक्षा कमी आहे. बरोबर. करंट किती? २३० भागिले २१.२, म्हणजे जवळपास १०.८ अँपिअर. आणि आमचा बोर्ड होता ६ अँपिअरचा! एकटा रॉडच साडेसहा अँपिअर घेत होता, म्हणजे इस्त्री लावायच्या आधीच गाडी हद्दीबाहेर गेलेली. एमसीबी होता १६ अँपिअरचा. त्याच्या हिशोबाने १०.८ म्हणजे सगळं आलबेल. तो कशाला पडेल?

पण मग एकच सॉकेट का वितळलं? इथे सिरीज येते. भिंतीपासून बोर्डापर्यंतची वायर, सॉकेटमधली पितळी पत्ती, कन्व्हर्टरची पिन, हे सगळं त्या करंटच्या वाटेत एकसर जोडलेलं असतं. समजा भिंतीजवळच्या एका कॉन्टॅक्टची पकड सैल झाली आणि तिथे फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला. एकूण रोध २१.२ वरून २१.७. काहीच फरक नाही, वाटेल. करंट उतरून १०.६ झाला, बस. पण त्या कॉन्टॅक्टवरची उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. १०.६ चा वर्ग साधारण ११२, त्याच्या निम्मे ५६ वॅट. दोस्तांनो, मोबाइल रिपेअरवाल्याकडचं साधं सोल्डरिंग २५ वॅटचं असतं. तशी दोन सोल्डरिंगं एका प्लॅस्टिकच्या डबीत खुपसून ठेवल्यासारखं झालं! त्याच सैल कॉन्टॅक्टमधून २ अँपिअर गेले असते तर उष्णता फक्त २ वॅट. करंट पाचपट वाढला, उष्णता जवळपास २८ पट.

म्हणजे पॅरललने करंट वाढवला आणि सिरीजमधल्या सैल जागेने त्याची आग केली. दोन्ही सूत्रं एकाच बोर्डात.

आता सुरुवातीला मोजलेला आकडा आठवा. प्रत्येक वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. त्यांची बेरीज करा, २३० ने भागा. उत्तर ६ च्या वर गेलं, तर त्या ६ अँपिअरच्या बोर्डावरून काहीतरी काढा. चार्जर, लॅपटॉप खुशाल राहू द्या. रॉड, गीझर, मोठी केटली थेट भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला लावा, कन्व्हर्टर न लावता. आणि प्लग सैल बसत असेल, हलवला की चटचट आवाज येत असेल, तर ते सॉकेट वापरू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून बदलून घ्या.

त्या दिवशी इंटरव्ह्यूला मी चुरगळलेल्या शर्टावरच गेलो. पण शर्टावर निभावलं, हे काय कमी आहे?

रूममेटला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत बोर्ड सांभाळा, काळजी घ्या!