खाली ठेवता येणारं काम

दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो, तेवढ्यात हलव्याच्या दागिन्यांची पहिली विचारणा येते. विचारणारी बहुतेक वेळा नुकतीच सासू झालेली असते. सुनेची पहिली संक्रांत, काळी साडी घेऊन झालेली, आणि आता मंगळसूत्रापासून कंबरपट्ट्यापर्यंत सगळं हवं असतं. मुलासाठी हार आणि नारळ वेगळा. हल्ली त्याला हलव्याचा मोबाईलही लागतो, तोही आम्ही करतो.

थंडीत हलव्याचे दागिने, एरवी मोत्याच्या नथी, तन्मणी, भाद्रपदात गौरींचे हार, असा माझा घरचा उद्योग आहे. घरात दोन मुलं आहेत. भेटणाऱ्या बायका म्हणतात, बरं आहे तुझं, मुलांकडे लक्ष देता देता होऊन जातं. काही होऊन जात नाही. मूल हाक मारतं ती आपल्या सोयीनं मारत नाही. त्यामुळे घरी दागिने करायचे तर पहिला प्रश्न कलेचा नसतो आणि भांडवलाचाही नसतो. हातातलं काम या क्षणी खाली ठेवता येतं का, हा असतो.

हलवा घ्या. परातीत तीळ किंवा खसखस, खाली मंद आच, वरून थोडा थोडा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचं. पाक सुकतो, पुन्हा सोडायचा, पुन्हा फिरवायचं. काटा येतो तो या फिरवण्यातून, आणि कोरड्या थंडीत तो चांगला येतो. मोठा दाणा एका बैठकीत होत नाही. बोटांची टोकं भाजून निघतात ती वेगळीच. यात 'आई, शी झाली' अशी हाक आली, की संपलं. आच बंद करून परत येईपर्यंत दाणे एकमेकांना चिकटून ढेप झालेली असते. म्हणून पाकाचं काम मुलं झोपलेली असताना तरी करायचं, नाहीतर दुसरं कुणी घरात असताना. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी हलवा सरळ बाजारातून आणतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. दागिना करणारीनं साखरही स्वतःच फुलवली पाहिजे, हा हट्ट ज्यांच्या घरात बाळ नाही त्यांनी धरावा.

बांधणीचं काम मात्र निराळं. काटेरी हलव्याला भोक पाडायला गेलात तर दाणा फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास करून त्यात दाणा धरायचा, गाठ आवळायची आणि पुढचा दाणा घ्यायचा. एक गाठ पूर्ण झाली, की उठता येतं. दूध गरम करून या, बस आली का बघून या, अभ्यासाचं विचारून या. हार जिथे सोडला तिथेच असतो. नथीचं तसं नाही. बारीक तार मोत्यांतून फिरवत आणलेली असताना मध्येच पक्कड ठेवली, तर गुंफण सैल पडते आणि सैल नथ गिऱ्हाईक बरोबर ओळखतं. म्हणून नथ रात्री, हार दिवसा.

ही वाटणी माझ्या डोक्यातून आलेली नाही. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ते आजचं लिज्जत. तिथे पीठ मळलं जातं केंद्रावर, आणि बाया मळलेलं पीठ घरी नेऊन पापड लाटतात. जे एकसारखं व्हायला हवं आणि अर्ध्यावर सोडता येत नाही ते एका जागी, जे थांबून थांबून करता येतं ते घरोघरी. कोल्हापूर जिल्ह्यात हुपरीला गेलात तर चांदीच्या पैंजणांचं तसंच. चांदी आटवण्याची भट्टी वेगळी, आणि दागिन्याची कितीतरी कामं घरांतून चालतात. आपण एकट्यानं करतो तेव्हा भट्टीही आपण आणि घरही आपण, म्हणून ही वाटणी घड्याळावर करावी लागते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगते. रांगतं मूल घरात असेल, तर मोती जमिनीवर बसून ओवायचे नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बारीक भाग असलेली खेळणी नकोत, असं पाकिटावर छापलेलं असतं. आपलं तर सगळं सामानच बारीक. मी खोल काठाच्या स्टीलच्या ताटात काम करते आणि उठताना ताट उचलून फळीवर ठेवते. तारेचे कापलेले तुकडे झाकणाच्या डबीत जातात. बोरन्हाणाचा सेट करताना तर जास्त विचार करावा लागतो, कारण मुकुट, बाजूबंद, बासरी घालून बसलेला बाळकृष्ण पहिल्यांदा बासरी तोंडात घालतो. त्या सेटमध्ये मी टाचणी वापरत नाही, गोंदही नाही. आणि आयांना बजावते, की फोटो झाले की दागिने उतरवा. वर्षाच्या बाळाच्या घशात हलव्याचा दाणाही अडकू शकतो. यावर एखादी आजी नाराज होते. होऊ दे.

मोठी मुलं मदतीला घ्यावीत का? शाळेनंतर घरच्या धंद्यात, धोका नसलेल्या कामात मुलांनी हातभार लावायला 2016 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा परवानगी देतो. मला ती सवलत नको वाटते. मुलीला रंग निवडायचे असतील तर निवडू देत, स्वतःच्या बाहुलीसाठी माळ करायची असेल तर तिनं जरूर करावी. पण ऑर्डर घेतली मी, तारीख दिली मी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, शाळेच्या नाताळच्या सुट्टीत, 'चार गाठी मारून दे ना' हे वाक्य फार जिभेवर येतं, आणि तेव्हाच ते गिळायचं असतं.

आता पैशांचं. छोट्या उद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन होते, तिला फी नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. हे शोधणाऱ्यांना सापडतं. घरात सापडत नाही ती आपली मजुरी. साहित्य मोजणं सोपं असतं, पुण्यात बोहरी आळीतून आणलेल्या सामानाची पावती असते. पण आपले तास तुकड्यातुकड्यांचे. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये पंधरा मिनिटं, शिकवणीच्या दारात वीस. तुकडे असल्यामुळे ते तास वाटतच नाहीत, आणि मग किमतीत धरले जात नाहीत. समजा एका सेटला 400 रुपयांचं साहित्य लागलं आणि तुम्ही तो 700 ला दिलात. तीनशे सुटले म्हणून बरं वाटतं. पण तुकडे जोडून दहा तास निघाले, तर तासाला तीस रुपये झाले, आणि खोका, कुरिअर, वाटेत फुटलेले दाणे अजून मोजलेच नाहीत. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला बसले-उठले याच्या वेळा पेन्सिलीनं लिहिते. अगदी दुकानदारी वाटते, पण लिहायला लागल्यावर माझे भाव वाढले.

घरी बसून केलेलं काम हे कामच, हे जगाच्या पातळीवरही उशिरा मान्य झालं. अहमदाबादला इला भट्ट यांनी 1972 साली उभी केलेली 'सेवा' संघटना यासाठी बरीच वर्षं झगडली. 1996 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरी राहून काम करणाऱ्यांसाठी करार केला. भारतानं त्यावर अजून मोहोर उठवलेली नाही. तो करार दुसऱ्यासाठी घरी राबणाऱ्यांचा आहे, आपण स्वतःच्या धनी आहोत. पण धनीणच मजुरी बुडवते म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करायची?

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे, त्यांनी संपूर्ण सेट हाती घेऊ नये. फक्त बोरन्हाणाचा मुकुट करा, किंवा फक्त बांगड्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, तिथे दोन-तीन नग घेऊन जा. पावसाळी दमट घरात हलवा पाघळतो, तेव्हा आधीपासून साठा करू नका. आणि किमतीची चिठ्ठी घरून निघण्यापूर्वीच दागिन्याला बांधा. समोर मावशी, काकू, शेजारीण बसलेली असताना तोंडी किंमत सांगायला गेलात, तर शंभर रुपये तुम्ही स्वतःच कमी करून सांगणार आहात.