विभागणी आणि शब्द



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते बडोद्याच्या या शाळेत व्याकरण शिकवीत असत. तेव्हा मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकावरील आज्ञावलींविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. कारण साधे आहे. या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले आज याच व्यवसायात आहेत. त्यांपैकी काहींनी मला आपल्या व्यावसायिक मेळाव्यांना नेले. तेथील भाषणांचा विषय बहुधा एकच असे : मोठ्या उद्योगाचा कारभार सांभाळणारी आज्ञावली सुट्या घटकांत, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘मॉड्यूल’मध्ये, कशी विभागावी? यंत्राविषयी ऐकायला मिळेल असे वाटले होते. ऐकला तो सारा वाद शब्दांचा आणि सीमांचा. म्हणून हे धाडस.

उद्योगाच्या आज्ञावलीत हिशेब, खरेदी, कोठार, पगार असे अनेक विभाग नांदतात. आयबीएम सोडून आलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ मध्ये जर्मनीत ‘सॅप’ ही कंपनी स्थापन केली, ती अशाच कामासाठी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डेव्हिड पार्नास यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. घटक पाडावेत हे तोवर सर्वांना मान्य होते. ते कोणत्या निकषावर पाडावेत, हे मात्र पार्नास यांनी नीट विचारले.

त्यांनी घेतलेले उदाहरण आम्हा भाषेच्या लोकांना घरचेच वाटेल. ते आहे शब्दसूचीचे. ‘मराठी भाषेचा इतिहास’ हे शीर्षक घ्या. पहिला शब्द उचलून शेवटी ठेवला, की ‘भाषेचा इतिहास मराठी’. पुन्हा तसेच केले, की ‘इतिहास मराठी भाषेचा’. अशा सर्व ओळी वर्णानुक्रमे लावल्या, की कोणत्याही शब्दावरून ग्रंथ सापडतो. हे काम यंत्राकडून करवून घ्यायचे, तर ते कसे विभागाल? सहज सुचणारे उत्तर असे, की कामाच्या पायऱ्यांप्रमाणे : एकाने ओळी वाचाव्यात, दुसऱ्याने फिरवाव्यात, तिसऱ्याने क्रम लावावा, चौथ्याने छापाव्यात. दिसायला हे फार नीटनेटके दिसते. पण ओळी यंत्राच्या स्मृतीत कशा साठवल्या आहेत, हे या चौघांनाही ठाऊक असावे लागते. आणि उद्या ती साठवण बदलली, की चौघांचेही काम नव्याने लिहावे लागते.

पार्नास यांनी दुसरी विभागणी सुचविली. पुढे जो निर्णय बदलण्याचा संभव आहे, तो हेरावा आणि एकेका घटकाच्या पोटात दडवून ठेवावा. ओळी साठविणारा घटक वेगळा. इतरांनी त्याला फक्त ‘अमुक ओळीतील तमुक शब्द दे’ एवढेच सांगावे. तो कोठून आणि कसा काढून देतो, याची चौकशी करू नये. मग साठवण बदलली तरी दुरुस्ती त्या एका घटकातच होते. आपल्या प्रशासकीय परंपरेत दडविणे ही वाईट गोष्ट समजली जाते. येथे तीच शिस्त ठरते.

माणसांची विभागणीही आज्ञावलीत उतरते, हे मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच दाखविले होते. त्यांनी दिलेला दाखला मार्मिक आहे. एका संस्थेत आठ माणसांकडे दोन अनुवादक-आज्ञावली सोपविल्या. पाच जण कोबोलवर, तिघे अल्गोलवर. कोबोलची आज्ञावली पाच टप्प्यांत चालणारी झाली, अल्गोलची तीन!

आता शब्दांकडे वळू. ‘ग्राहक’ हा शब्द विक्रीविभागात मालाची चौकशी करणाऱ्यालाही लागू पडतो. हिशेबविभागात ज्याच्याकडून येणे आहे तो ग्राहक. आणि माल पोचविणाऱ्याच्या दृष्टीने ग्राहक म्हणजे निव्वळ एक पत्ता. या तिघांसाठी मिळून एकच ‘ग्राहक’ रचला, तर तो फुगत जातो आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही. एरिक एव्हान्स यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात सांगितले, की प्रत्येक शब्दाच्या अर्थाला हद्द आखावी. हद्दीच्या आत तो अर्थ काटेकोरपणे पाळावा आणि हद्द ओलांडताना उघडपणे भाषांतर करावे. बडोद्यात बसून हे वाचताना १९३१ चा ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ आठवल्यावाचून राहत नाही. राज्यकारभारातील शब्दांना आठ भाषांतील प्रतिशब्द एकत्र आणणारा तो कोश. साऱ्या राज्यासाठी एका संज्ञेला एक नेमका शब्द हवा, ही त्यामागची आकांक्षा. एव्हान्स ती आकांक्षाच सोडून देतात. आमच्या कोशकारांना ते रुचले असते असे वाटत नाही. मला मात्र मोठ्या उद्योगापुरते एव्हान्स यांचे म्हणणे पटते.

याचा अर्थ जितके तुकडे अधिक तितके बरे, असा नव्हे. तशी एक लाट मधल्या काळात येऊन गेली. अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतील एका गटाने २०२३ मध्ये जाहीर केले, की चित्रफितींचा दर्जा तपासणाऱ्या आपल्या एका प्रणालीचे विखुरलेले तुकडे त्यांनी पुन्हा एकत्र केले आणि खर्च नव्वद टक्क्यांहून अधिक घटला.

तरुण मित्रांसाठी एक शेवटची हकिगत. ती उद्योगाच्या कारभारातील नाही, अग्निबाणाची आहे. पण तयार घटक उचलून दुसरीकडे बसविण्याचे काम आपणही रोज करता. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हा युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला. दिशा सांगणारा त्याचा घटक एरियान-४ मधून तसाच घेतला होता. त्यात वेगाशी निगडित एक आकडा अशा जागेत ठेवला जाई, की तेथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नसे. जुन्या बाणाच्या मार्गात तो आकडा इतका वाढणे शक्यच नव्हते, म्हणून त्याला संरक्षण दिले नव्हते. नवा बाण अधिक वेगाने आडवा सरकणारा होता. चौकशी मंडळाने नमूद केले आहे, की संरक्षण का दिले नाही याचे कारण मूळ आज्ञावलीत कोठेही लिहिलेले आढळले नाही. एका वाक्याचे काम होते ते.