व्यसन, आपली मुलं आणि आपलं मंडळ

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे आभार. नाट्यसंगीत आणि अल्पोपाहार यांच्यामध्ये हा विषय ठेवायला धाडस लागतं. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, आणि गेली काही वर्षं मंडळाच्या युवा विभागाचं काम बघतो. त्या कामामुळेच आज तुमच्यासमोर उभा आहे.

"अहो, हा प्रश्न आपल्या मुलांचा नाही," असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. आपली मुलं स्पेलिंग बीमध्ये असतात, रोबोटिक्समध्ये असतात. खरंय. पण शाळा तीच, कॉलेजचं वसतिगृह तेच आणि फोनही तोच. परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला मित्राकडून घेतलेली ॲडरॉलची गोळी, खेळताना गुडघा दुखावल्यावर मिळालेली वेदनाशामक गोळी, आणि हो, आपल्याच बेसमेंटमधल्या पार्टीत उरलेली बाटली. सुरुवात बहुतेक वेळा अशी घरगुतीच असते.

आता धोका कुठे वाढला आहे ते सांगतो. बाहेरून घेतलेली गोळी दिसायला हुबेहूब औषधाच्या दुकानातली असते, पण तिच्यात फेंटानिल असू शकतं. हे रसायन मॉर्फिनच्या सुमारे १०० पट तीव्र आहे. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे काही कण, जीव घ्यायला पुरेसे ठरू शकतात. म्हणजे इथे "एकदा करून बघितलं, चूक कळली, सुधारला" एवढी संधी मिळेलच असं नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये ओव्हरडोसने सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ८० हजारांवर आला. अजूनही तो भयंकरच आहे, पण प्रयत्न केले की आकडा खाली येतो, हेही त्यातून दिसतं.

हे प्रयत्न कसे असतात, याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं आइसलँडचं. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं आदल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. नुसती भाषणं देऊन हे झालं नाही. (मी भाषणच देतोय, याची मला कल्पना आहे!) त्यांनी शाळाशाळांतून नियमित पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष त्या त्या भागातल्या पालकांसमोर ठेवले. खेळ, संगीत, नाच यांच्यासाठी मुलांना अनुदान दिलं. रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहायचं नाही, हा नियम नेटाने पाळला. आणि पालकांनी आपसांत करार केले, की मोठं माणूस घरात नसताना मुलांची पार्टी होऊ द्यायची नाही, आणि कुणाच्याच मुलाला दारू आणून द्यायची नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बग प्रॉडक्शनमध्ये सापडण्याची वाट न बघता त्यांनी डिझाइनच बदललं.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं, पुण्याचं. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, मध्यमवर्गीय घरांत शिरली. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी आर्थिक मदत देऊ केली. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झालं. १९९७ मध्ये अनिताताई गेल्या, २०२२ मध्ये अनिल अवचटही गेले, पण काम चालूच आहे. मला त्यातल्या तीन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. तिथे येणाऱ्याला व्यसनी म्हणत नाहीत, रुग्णमित्र म्हणतात. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. आणि पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण आजार एकाचा असला तरी भोगतं सगळं घर. म्हणजे मराठी माणसाला हे जमत नाही, असं म्हणायची सोय नाही!

आता आपल्या मंडळाकडे वळू. आपल्याकडे कुणाचं ऑपरेशन झालं, बाळंतपण असलं, की दोन तासांत डब्यांची यादी तयार होते. सोमवारी वरण-भात कुणाचा, मंगळवारी पोळ्या कुणाच्या, सगळं ठरतं. आपल्यातल्याच एका कुटुंबाचा मुलगा मध्यंतरी उपचारकेंद्रात होता. त्यांच्या परवानगीने हे सांगतोय. आई रोज ऑफिसातून थेट तिकडे जायची, वडील रात्र रात्र जागे असायचे. त्या घरी एकही डबा गेला नाही, कारण त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. त्यांनी गणपतीलाही येणं बंद केलं. वहिनी मला म्हणाल्या, "मुलाच्या आजारापेक्षा लोकांच्या प्रश्नांची जास्त भीती वाटायची." मंडळी, ही भीती आपण निर्माण केली आहे, आणि ती आपणच घालवू शकतो.

व्यसन हा आजार आहे, आणि रक्तदाबासारखा तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. दिवाळीत चार लाडू खाल्ले म्हणून मधुमेह असलेल्या काकांना आपण घराबाहेर काढत नाही, पुन्हा डॉक्टरांकडे नेतो. मग घसरलेल्या मुलाला "आता संपलं सगळं" असं का म्हणायचं?

काही व्यवहाराच्या गोष्टी. मूल २६ वर्षांचं होईपर्यंत तुमच्या इन्शुरन्सवर राहू शकतं. व्यसनाचे उपचार त्यात कसे बसतात, याची चौकशी आजच करून ठेवा. मूल १८ वर्षांचं झालं, की त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर सहसा तुम्हाला माहिती देत नाहीत, म्हणून कॉलेजला पाठवण्याआधी त्या कागदांबद्दल मुलाशी बोला. ज्यांचं ग्रीन कार्ड व्हायचं आहे, त्यांच्या वैद्यकीय तपासणीत व्यसनाचा विषय येतो. त्यासाठी चांगल्या वकिलाचा सल्ला घ्या, पण त्या भीतीपोटी उपचार लांबवू नका. कागद नंतरही निस्तरता येतात.

कार्यकारिणीपुढे मी चार प्रस्ताव ठेवतो.

एक, नॅलोक्सोनचं प्रशिक्षण. हा नाकात मारायचा स्प्रे आहे. ओपिऑइडचा ओव्हरडोस झालेल्याचा थांबत आलेला श्वास तो परत आणू शकतो. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. ओपिऑइड घेतलेलं नसेल तर त्याने अपाय होत नाही. त्याचा परिणाम तासाभरात ओसरू शकतो, म्हणून ९११ ला फोन करायचाच. आपल्या प्रथमोपचार पेटीत बँडेज आहे, बाम आहे. हा स्प्रेही हवा.

दोन, औषधं परत करण्याचा दिवस. इथे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये उरलेली औषधं जमा करून घेतात. दिवाळीची साफसफाई त्याच सुमारास असते. माळ्यावरच्या डब्यांबरोबर औषधांचं कपाटही आवरू या.

तीन, पालकांचा गट. महिन्यातून एकदा भेटायचं, तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं. मराठीत बोलता आलं पाहिजे, कारण रडू मातृभाषेतच येतं. ९८८ हा मदतीचा फोन चोवीस तास चालू असतो, तो क्रमांक आपल्या डिरेक्टरीच्या पहिल्या पानावर छापू या.

चार, मुलांना काम द्या. नुसतं "स्टेजवर नाच कर" एवढंच नको. ध्वनिव्यवस्था, तिकिटं, ढोल-ताशा पथक, सगळं त्यांच्या हाती द्या. चुकतील, चुकू द्या. जिथे आपली गरज आहे असं मुलाला वाटतं, तिथे ते परत येतं.

यातलं पहिलं काम सोपं आहे. प्रशिक्षणासाठी नावनोंदणीचा कागद बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलाय. बटाटेवडा घेण्याआधी नाव लिहा, कारण नंतर हात तेलकट होतात!