कोयत्याबरोबर कागदही न्या

दिवाळीच्या सुमाराला आपल्या वाशी, भूम, कळंबच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. भांडीकुंडी, पीठमीठ आठवणीनं ट्रॅक्टरवर चढतं. दवाखान्याचे कागद मात्र पेटीतच राहतात. आमच्या गटातली एक ताई मागच्या हंगामात सातव्या महिन्याची फडावर गेली. कार्ड नेलं, पण ते कोपीत भिजलं. तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, रक्त किती होतं? तिला सांगता येईना. तपासण्या पुन्हा झाल्या, वर दोन दिवसांचा खाडा.

यासाठी सरकारचं 'आभा' खातं आहे. आधारवर फुकट निघतं, नंबर 14 आकडी. आयुष्मान कार्ड खर्चाचं, हे कागदांचं. गल्लत करू नका. नंबर काढला म्हणजे जुने कागद आपोआप आत जात नाहीत, ॲपमध्ये त्यांचे फोटो चढवावे लागतात. डॉक्टरांना ते आपल्या परवानगीनंच दिसतात. पण खात्याचा ओटीपी येतो फोनवर, अन् फोन असतो मालकाच्या खिशात! पिशवीच्या दुखण्याचे कागद कुणाच्या हाती जावेत, हे आपणच ठरवायचं. म्हणून जमेल तिनं स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या. मुकादमाचा तर देऊच नका.

फडावर रेंज नसते, तेव्हा मूळ कार्डही प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. पुढच्या बैठकीला आधार अन् फोन घेऊन या, खाती तिथंच काढू.