पंगतीला पाने किती?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संख्याशास्त्रावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली, तेव्हा फळ्यावर सूत्रे मांडण्याऐवजी मंडळाच्या मुदपाकखान्यातूनच आरंभ करावा, असे आम्ही ठरविले. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील महाप्रसादाची व्यवस्था आमच्याकडे होती. शेवटच्या पंगतीला भात संपला. त्या पंगतीत या शहरी नुकतेच बदलून आलेले एक कुटुंब बसले होते. त्यांची लहान मुलगी पानातल्या मीठ-लिंबाकडे पाहत राहिली होती, ते दृश्य आम्हांस विसरता येत नाही. ते कुटुंब पुन्हा मंडळात आले नाही. दोष आचाऱ्याचा नव्हता, आमच्या गणिताचा होता. आणि गणित तर आमचा अध्यापनाचा विषय!

नावे नोंदली होती ४००. नोंदविलेल्यांपैकी शेकडा ८० येतात, असा अनुभव. म्हणजे सरासरी ३२०. पण सरासरीइतकीच पाने मांडली, तर जवळजवळ निम्म्या वेळा ती अपुरी पडणार. तेव्हा प्रश्न असा, की प्रत्यक्ष संख्या सरासरीपासून किती ढळेल?

याचे उत्तर १७३३ साली द म्वाव्र या गणितज्ञाने दिले. हा मूळचा फ्रेंच. धर्मच्छळामुळे देश सोडून लंडनला स्थायिक झालेला. परस्परांशी संबंध नसलेल्या पुष्कळ लहान शक्यतांची बेरीज केली, की ती सरासरीभोवती घंटेच्या आकाराने दाटते, असे त्याने दाखविले. हेच प्रसामान्य वितरण. पुढे गाउसने १८०९ मध्ये ते खगोलीय निरीक्षणांतील चुकांना लावले, आणि नाव झाले त्याचे!

घंटेची रुंदी सांगणारी संख्या म्हणजे प्रमाण विचलन. आपल्या उदाहरणात ४०० × ०.८ × ०.२ म्हणजे ६४, त्याचे वर्गमूळ ८. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक विचलन घेतले, की शंभरातील सुमारे ६८ प्रसंग आत येतात. दोन घेतली, की ९५. उरलेले पाच दोन्ही टोकांना सारखे वाटले जातात, आणि आपल्याला भीती फक्त वरच्या टोकाची. म्हणून ३२० मध्ये १६ मिळवून आम्ही ३३६ पाने सांगितली. शंभरात दोन-अडीच वेळाच कमी पडतील, असा हिशेब होता.

चूक कोठे झाली? माणसे एकेकटी येत नाहीत. घरात एकाला ताप आला, की चारही पाने रिकामी; वडील निघाले, की चौघेही हजर. तेव्हा ४०० माणसे नव्हेत, चौघांची १०० कुटुंबे मोजावयास हवी होती. सरासरी तीच राहते, ८० कुटुंबे म्हणजे ३२० माणसे. सरासरी पाहून ही गोम कधीच कळली नसती. विचलन मात्र १०० × ०.८ × ०.२ म्हणजे १६, त्याचे वर्गमूळ ४ कुटुंबे, अर्थात १६ माणसे. घंटा दुप्पट रुंद झाली. आमची ३३६ पाने आता एकाच विचलनावर आली, आणि ती कमी पडण्याचा संभव शंभरात सुमारे सोळा! दोन विचलनांची निश्चिती हवी, तर ३५२ पाने लागतात.

सोळा पाने अधिक म्हणजे खर्च अधिक, हे खजिनदारांचे म्हणणे खरे. परंतु उरलेला मसालेभात डब्यांतून घरोघर जातो. उठून गेलेला पाहुणा परत आणता येत नाही.

एक मात्र सांगितले पाहिजे. ऐन जेवणाच्या वेळी मुसळधार पाऊस लागला, तर सर्वच कुटुंबे एकदम घरी बसतात. तेथे परस्परांशी संबंध नसण्याची अटच मोडते आणि आमची घंटा वाजेनाशी होते. त्या दिवशी डबेच हाताशी हवेत.

यंदाच्या नोंदवहीत माणसांच्या रकान्याशेजारी कुटुंबांचाही रकाना आखला आहे. तो कृपया भरावा.