कुंपणावर राखण कोणाची?



बडोद्यातल्या आपल्या जुन्या मराठी घरांत एक वाक्य हमखास कानावर पडते : "महाराजांच्या वेळी असे नव्हते." रस्ता खचला, कचेरीत काम अडले, की कोणीतरी हे म्हणतेच. आम्हीही म्हणतो. आज त्या वाक्याचाच हिशेब मांडायचा आहे. त्यासाठी आधी जरा लांब, पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात जावे लागेल.

जानेवारी १६४९ मध्ये लंडनला पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. त्याआधी काही वर्षे देशात यादवी माजली होती. थॉमस हॉब्ज तेव्हा साठ वर्षांचा होता आणि यादवी पेटण्याआधीच पॅरिसला निघून गेला होता. तिथे बसून लिहिलेला त्याचा 'लेव्हायथन' १६५१ साली प्रसिद्ध झाला. हॉब्जला माणूस दुष्टच वाटत होता असे सरसकट सांगतात, ते तितकेसे खरे नाही. त्याचे म्हणणे एवढेच की माणसे भितात, त्यांना हाव असते आणि मानाची भूक असते. शिवाय कितीही बलदंड माणूस झोपेत मारता येतो, त्यामुळे कोणीच सुरक्षित नाही. सर्वांवर धाक ठेवणारी सत्ता नसेल तर शेती, व्यापार, विद्या काहीच उभे राहत नाही. म्हणून सर्वांनी आपले हक्क एका सार्वभौम सत्तेच्या हाती द्यावेत, आणि एकदा दिले की परत मागू नयेत. ज्याने यादवी पाहिली त्याला हे पटणे साहजिक आहे.

त्याच जानेवारीत जॉन लॉक सोळा वर्षांचा होता आणि लंडनलाच वेस्टमिन्स्टरच्या शाळेत शिकत होता. प्रसंग एकच, पण पुढे त्याने काढलेला निष्कर्ष उलटा. राज्यव्यवस्थेवरचे त्याचे दोन प्रबंध १६८९ साली निघाले तेव्हा त्यांवर त्याचे नावसुद्धा नव्हते. लेखक आपणच, हे त्याने मृत्युपत्रात मान्य केले. लॉक म्हणतो, माणसाला विवेक आहे, बरेवाईट त्याला कळते. अडचण इतकीच की आपल्याच भांडणात प्रत्येक जण पंच होऊन बसतो. त्यासाठी सरकार हवे. पण सगळी सत्ता राजाच्या हाती दिली, तर राजा तरी कोण? तुमच्या-आमच्याच मातीचा माणूस. प्रजेशी वाद झाला की पंचही तोच. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद मागायची कुठे? म्हणून लॉकच्या मते सत्ता ही ठेव आहे आणि राज्यकर्ता तिचा विश्वस्त. त्याने ठेव बुडवली, तर लोकांनी ती काढून घ्यावी. (याच लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवले होते. माणसाच्या स्वभावावर लिहिणारेही माणसेच!)

आता आपल्या गादीकडे पाहू. १८७० साली खंडेरावांच्या मागे मल्हारराव गादीवर आले. एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचा ठपका ठेवून त्यांना पदच्युत केले आणि मद्रासला नेले. रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याच्या आरोपाबाबत चौकशी मंडळात एकमत झालेच नव्हते. तो वाद इतिहासकारांवर सोडू. त्याच वर्षी महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या एका शेतकरी घरातला मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव. १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणारे. गादी तीच आणि दरबारही तोच, तरी एकाच्या हाती राज्य बिघडल्याचा बोभाटा झाला आणि दुसऱ्याच्या हाती ते नावारूपाला आले. काढणारे ब्रिटिश सरकार, आणणाऱ्या महाराणी. रयतेला दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. आपल्याला चांगला राजा लाभला, हे आपले भाग्य. पण भाग्याला राज्यव्यवस्था म्हणता येत नाही.

मॉन्टेस्क्यूने १७४८ साली नेमके हेच हेरले. कायदा करणे, तो अमलात आणणे आणि न्याय देणे ही तीन कामे तीन हातांत असावीत, म्हणजे एका सत्तेला दुसरी आवर घालते. राज्यकर्ता साधू असावा, ही अटच त्यात नाही.

रूसोला मात्र एवढ्याने समाधान नव्हते. मूळचा माणूस वाईट नाही, विषमतेने त्याला बिघडवले, असे त्याने १७५५ साली मांडले. 'सामाजिक करार' १७६२ मध्ये निघाला, तेव्हा त्याच्या जन्मगावी जिनिव्हात तो जाळण्यात आला. कायदा लोकांच्या चालीरीतींत उतरला नाही तर तो पोकळ राहतो, हे त्याचे म्हणणे आम्हाला सर्वांत बोचते.

का, ते सांगतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की राजकारणातली व्यक्तिपूजा ही हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे. हे सांगणाऱ्या माणसाला १९१३ साली आपल्याच संस्थानाने शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवले होते. १९१७ साली ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास आले. राज्य सयाजीरावांचे होते आणि नेमणूक दरबारची. तरीही जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी ओळख लपवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, आणि ते बडोदा सोडून गेले. त्या वर्षी या शहरात आपल्या पणजोबांची घरे होती.