कापलेला कर गेला असे समजू नका

मंडळी, आपल्या काशीत मणिकर्णिकेवर वडिलांना पोहोचवून मुले दोन-चार दिवसांत बँकेत येतात. एक पुण्याहून आलेला असतो, दुसरा अमेरिकेहून, आणि त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. ठेव मोडायची, वाटणी करायची, एवढेच डोक्यात असते. व्याजातून कापलेल्या कराकडे, म्हणजे टीडीएसकडे, कुणी पाहत नाही. आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

निधनाच्या दिवसापर्यंतचे व्याज वडिलांचे, त्यापुढचे वारसांचे. पण बँकेला कळवले नाही तर संगणक वडिलांच्याच पॅनवर कर कापत राहतो. वारस त्याच व्याजावर पुन्हा कर भरतात, आणि आधी कापलेली रक्कम वडिलांच्या नावावर अडकून पडते. म्हणून आधी बँकेला कळवा. पुष्कळजण घाटावरची पावती घेऊन येतात, ती दाहसंस्काराची. आम्हाला मृत्यूचा दाखला लागतो आणि तो मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडून मिळतो. माणूस जौनपूरला गेला आणि अग्नी इथे दिला, तर दाखला जौनपूरचाच. आधीच चुकीच्या पॅनवर कर कापला असेल, तर हे व्याज कोणत्या वारसाचे ते त्याच्या पॅनसह लेखी द्या. बँक आपले टीडीएस विवरण दुरुस्त करू शकते. आणि हो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कर ज्याचे उत्पन्न त्याच्याच नावावर.

आता अमेरिकेतला मुलगा. त्याच्या वाट्याचे चार लाख त्याच्या एनआरओ खात्यातल्या ठेवीत ठेवले, व्याज सात टक्के धरा. वर्षाचे अठ्ठावीस हजार झाले. अनिवासीला व्याजाच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर उपकर मिळून ३१.२ टक्के कपात होते, म्हणजे ८,७३६ रुपये. भारत-अमेरिका करारानुसार व्याजावर १५ टक्क्यांहून जास्त कर लागत नाही, म्हणजे ४,२००. ब्रिटनचा दरही १५, अमिरातीचा १२.५. पण बँक हा दर आपण होऊन लावत नाही. त्या देशाचे कर-रहिवासी प्रमाणपत्र आणि आयकर पोर्टलवरची घोषणा दर आर्थिक वर्षी द्यावी लागते. कर कापू नये अशी घोषणा भरून देऊ नका. ती फक्त निवासींसाठी. कागद वेळेवर दिले नाहीत तरी हक्क बुडत नाही, विवरणपत्र भरून जास्तीचा कर परत मागता येतो. शिवाय करमुक्त मर्यादा अनिवासीलाही आहे. भारतात दुसरे उत्पन्न नसेल तर सगळेच ८,७३६ परत येऊ शकतात. 'कर कापला, विषय संपला' हा समज इथेच महागात पडतो.

एवढ्याशा रकमेसाठी कोण धावपळ करणार? आपल्याच उत्तर प्रदेशातले एक प्रकरण ऐका. बबराला इथल्या खत कारखान्यासाठी मुंबईच्या टाटा केमिकल्सने डेन्मार्कच्या हाल्दोर टॉप्सो कंपनीची तांत्रिक मदत घेतली. त्यांच्या खर्चाची भरपाई करायची होती, त्यावरही कर कापा असा आयकर अधिकाऱ्याचा आदेश आला. कंपनीने कर कापला, भरला आणि अपील केले. खर्चाची भरपाई हे उत्पन्नच नव्हे, असा निकाल लागला. मुद्दल परत मिळाले, पण खाते व्याज देईना. रक्कम दोन लाखांच्या आतली, तरी भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला: हक्क नसताना सरकारने पैसा ठेवून घेतला, तर तो व्याजासह परत द्यायला हवा.

तुमच्या परताव्यावरही महिन्याला अर्धा टक्का व्याजाची तरतूद आहे. मात्र परतावा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते मिळत नाही. मिळालेले व्याज पुढच्या विवरणपत्रात दाखवायचे असते, तेवढे विसरू नका. पोर्टलवर कराची नोंद तपासा आणि स्वतःचे खाते आधी प्रमाणित करून घ्या. खाते प्रमाणित नसेल तर मंजूर झालेला परतावाही जमा होत नाही. परदेशातल्या मुलाने हे काम विमानात बसण्याआधी आमच्या काउंटरवर बसून करावे, अर्ध्या तासाचे आहे. येताना पॅन, पासपोर्ट आणि दाखल्याच्या दोन प्रती घेऊन या.